मुलाला पेटीतून कोण आणतं?

म्युझिक व्हिडिओच्या नायकाची एक अडचण कुणी फारशी मनावर घेत नाही. त्याचं तोंड गाण्यात गुंतलेलं असतं. चित्रपटातला नायक निदान दोन गाण्यांच्या मध्ये बोलू तरी शकतो. ‘मी उद्या निघतोय’, ‘तुझ्या बाबांना काय सांगू’ असलं काहीतरी बोलून गोष्ट पुढे ढकलतो. व्हिडिओतल्या बिचाऱ्याला तेवढीही सवड नाही. सूर लागला की चार मिनिटं तो गातोच आहे. गाण्याचे शब्द गोष्टीला हातभार लावतील म्हणावं, तर कवीनं आधीच चंद्र, पाऊस आणि विरह यांची सोय लावून ठेवलेली. मग ती मुलगी कोण, हा स्टेशनवर कशाला आलाय, हातातलं पत्र कुणाचं, हे सगळं सांगायची जबाबदारी दारं, खिडक्या, जिने आणि पाठमोऱ्या माणसांवर येऊन पडते.

म्हणजे ही मूकपटाचीच विद्या झाली. दादासाहेब फाळक्यांच्या हरिश्चंद्रालाही १९१३ साली राज्य सोडल्याचं तोंडानं सांगता येत नव्हतं. त्याच्या मदतीला मुद्रा होत्या, हातवारे होते आणि मधूनमधून मजकुराची पाटी होती. मूकपटाच्या चित्राला वाजवणारे लोक बाहेरून सूर पुरवत. व्हिडिओत सूर आधी तयार असतो आणि चित्र बाहेरून आणावं लागतं, एवढाच उलटा कारभार. स्मॅशिंग पम्पकिन्स या अमेरिकन बँडनं तर १९९६ मध्ये ‘टुनाइट, टुनाइट’ या गाण्यासाठी झॉर्झ मेलिएसच्या १९०२ च्या चांद्रसफरीचा सगळा थाटच उचलला. तेच रंगवलेले पडदे, तोच चंद्र, आणि चंद्रावरच्या भुतांशी छत्रीनं मारामारी. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मध्ये पात्रं चांगली ऐसपैस बोलतात, हे मला मान्य आहे. पण ती बोलू लागली की गाण्याला दाराबाहेर थांबावं लागतं, आणि म्हणूनच १९८३ चा तो व्हिडिओ जवळपास चौदा मिनिटांचा झाला. दिग्दर्शक जॉन लँडिस मूळचा चित्रपटवाला. त्याच्याकडून आटोपशीरपणाची अपेक्षा करणं चूकच.

या विषयात माझी खरी गुरू म्हणजे माझी आत्या. ती प्राथमिक शाळेत बाई होती आणि गोष्ट सांगणाऱ्यावर तिचा उपजत संशय आहे. आमच्याकडे केबल आली तेव्हा घरातल्या इतर बायकांनी मालिका धरल्या. आत्यानं गाण्यांची वाहिनी धरली. मालिकेत माणसं फार बोलतात, असं तिचं म्हणणं. ती मेथी निवडत बसायची आणि प्रत्येक गाण्याला तीन प्रश्न विचारायची: ही त्याची कोण, घरचे कुठे गेलेत, आणि हा सगळा खर्च कोण करतंय? चांगल्या दिग्दर्शकालाही या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देता आली तर शपथ. पण कुठल्या व्हिडिओत गोष्ट आहे आणि कुठल्यात नुसता वारा सुटलाय, हे या प्रश्नांनी अगदी लख्ख कळतं.

१९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं तेव्हा आत्या पहिल्यांदा हातातली जुडी खाली ठेवून टीव्हीकडे सरकली. कारण गोष्ट तिच्या ओळखीची होती. राजकन्या, दरबार, इच्छुक वरांची रांग. स्वयंवर! बिद्दूचं संगीत आणि केन घोषचं दिग्दर्शन वगैरे तपशील आम्हाला महत्त्वाचे वाटत होते. आत्याला रांगेतली मुलं महत्त्वाची वाटत होती, आणि एकेकाला नाकारल्यावर ती मनापासून ‘बरं केलं’ म्हणत होती. चित्रपटवाले प्रेक्षकाला ताटकळत ठेवतात ते असं: हवी ती गोष्ट आहे हे दाखवायचं, पण ती झाकून ठेवायची. शेवटी लाकडी पेटी उघडली आणि आतून मिलिंद सोमण निघाला.

‘मुलाला पेटीतून कोण आणतं?’ आत्या म्हणाली. ‘रुखवतात मांडायचाय का त्याला?’

आडनाव कळल्यावर मात्र तिचा सूर निवळला. अंगात शर्ट घालावा, एवढीच तिची सूचना राहिली.

आत्याची दुसरी करामत मला फार पुढे उलगडली, रशियातल्या लेव कुलेशोव्हबद्दल वाचताना. १९१८-२० च्या सुमारास या माणसानं एक प्रयोग केला. इव्हान मोझ्झुखिन नावाच्या नटाचा एकच, काहीही न सांगणारा चेहरा घेतला. तो एकदा सूपच्या ताटलीला जोडला, एकदा शवपेटीतल्या मुलाला, एकदा आरामात पहुडलेल्या बाईला. पाहणारे म्हणाले, काय नट आहे! भूक काय दाखवतो, दुःख काय दाखवतो, अभिलाषा काय दाखवतो! चेहरा तोच होता. भूक आणि दुःख प्रेक्षकांनी घरून आणलं होतं.

म्युझिक व्हिडिओचा निम्मा धंदा या प्रयोगावर चालतो. गायक बहुतेक वेळा नट नसतो. त्याच्याकडे एक चेहरा असतो, आणि अल्बमच्या कव्हरवर तो आधीच वापरून झालेला असतो. दिग्दर्शक त्या चेहऱ्यापुढे रिकामी खुर्ची जोडतो. आत्या लगेच म्हणते, ‘बायको गेली वाटतं याची.’ पुढे सुटणारी रेल्वे जोडली की, ‘नाही नाही, बदली झालीय.’ पुढे पावसात उभी मुलगी आली की, ‘म्हणजे दोन बायका!’ गायक बिचारा अजून ध्रुवपदावरच आहे आणि इकडे त्याच्यावर द्विभार्या प्रतिबंधक कायद्याखाली खटला उभा राहिलेला. गोष्ट पडद्यावर घडत नाही, ती दोन चित्रांच्या जोडावर घडते, हे कुलेशोव्हला प्रयोगशाळेत कळलं. आत्याला ते मेथी निवडताना कळलं होतं, फक्त तिनं त्यावर पुस्तक लिहिलं नाही.

पण जोडच नसेल तर? सिनेड ओ’कॉनर या आयरिश गायिकेचं १९९० सालचं ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ लागलं तेव्हा मला वाटलं, आता आत्याची पंचाईत. जॉन मेबरीच्या या व्हिडिओत मधेमधे पॅरिसच्या एका बागेतली चाल सोडली तर काळ्या पार्श्वभूमीवर नुसता चेहरा आहे. डोक्यावरचे केस पार बारीक केलेले. चेहरा आपल्याकडे बघून गातो आणि शेवटाकडे डोळ्यांतून पाणी येतं. ते पाणी चित्रीकरणात ठरलेलं नव्हतं. आईच्या आठवणीनं आलं, असं तिनंच पुढे सांगितलं. डेन्मार्कच्या कार्ल ड्रायरनं १९२८ च्या मूकपटात जोन ऑफ आर्कचा कापलेल्या केसांचा चेहरा असाच पडदाभर धरून ठेवला होता, आणि जाणकार त्या नात्याबद्दल बोलतात. आत्यानं ड्रायर पाहिलेला नव्हता. तिनं तिची स्वतःची आजी पाहिली होती, लाल अलवणातली, केशवपन केलेली. ‘हिचा नवरा गेला,’ ती म्हणाली, आणि या वेळी तीनपैकी एकही प्रश्न विचारला नाही. गाण्यातलं इंग्रजी तिला कळत नव्हतं. गाणं सोडून गेलेल्या माणसाचंच आहे, हे मी तिला सांगितलं तेव्हा ‘दिसतंय की’ म्हणून तिनं जुडी पुन्हा उचलली.

तंत्राच्या बाबतीत माझ्या मनात सगळ्यात वरची जागा मात्र नॉर्वेच्या ‘आ-हा’ या बँडच्या ‘टेक ऑन मी’ला आहे, आणि ती मी कुणाला द्यायला तयार नाही. याच गाण्याचा आधी एक व्हिडिओ होता. त्यात तिघं जण निळ्या पडद्यापुढे वाजवतात, बस्स. लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. मग १९८५ मध्ये स्टीव्ह बॅरननं नवा केला. एक मुलगी कॅफेत एकटी बसून चित्रकथेची पुस्तिका वाचतेय. पानावरचा पेन्सिलीनं काढलेला तरुण तिला डोळा मारतो. मग पानातून एक हात वर येतो, रेघांचाच, आणि तिला बोलावतो. ती तो हात धरते आणि पानात जाते. आत तीही रेघांची होते. चौकटीच्या एका बाजूला रेघांचा माणूस, दुसऱ्या बाजूला हाडामांसाचा, आणि कॅमेरा मधून फिरला की अदलाबदल. हे पाहताना पहिल्यांदा तोंड उघडं राहतं आणि दहाव्यांदाही राहतं.

ही जादू ‘रोटोस्कोप’ नावाच्या जुन्या युक्तीची. आधी खऱ्या माणसांचं चित्रीकरण करायचं, मग एकेक फ्रेम कागदावर पाडून हातानं गिरवायची. मॅक्स फ्लायशरनं ही युक्ती १९१५ च्या सुमारास शोधली. इथं मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर या जोडीनं सुमारे तीन हजार फ्रेम गिरवल्या, सोळा आठवडे बसून. चार मिनिटांच्या गाण्यासाठी चार महिने! आपल्याकडे यापेक्षा कमी वेळात लग्नं ठरतात आणि मोडतातही. पण रेघा थोड्या थरथरत राहतात, त्या श्वास घेतल्यासारख्या, आणि तिथंच तो कागदी मुलगा खरा वाटायला लागतो. संगणकानं गुळगुळीत केलेल्या हल्लीच्या चित्रांत मला हे सापडत नाही. हे माझं वय बोलत असेल, पण बोलू दे.

मी हे सगळं आत्याला समजावून सांगत होतो आणि तिचं लक्ष भलतीकडे होतं.

‘त्या मुलीनं बिल दिलं का?’

मी हसलो. पण पुढच्याच मिनिटाला कॅफेतली वाढणारी बाई येते, टेबल रिकामं बघते, गिऱ्हाईक पैसे बुडवून पळालं समजून चिडते आणि ती पुस्तिका चुरगाळून कचऱ्यात टाकते. आतलं सगळं जग त्या सुरकुतीत सापडतं. पाठीमागे पाना घेतलेले दोन गुंड लागलेले, सुटकेची वाट नाही, तेव्हा तो तरुण कागदाची भिंत फाडून मुलीला बाहेर काढतो. म्हणजे गोष्टीचा सगळा कणा त्या न दिलेल्या बिलावर उभा आहे. पटकथा शिकवणारे ज्याला कारण-परिणाम म्हणतात ते आत्याला घरखर्चाच्या वहीमुळे ठाऊक होतं. शेवटी तो तरुण मुलीच्या घरच्या बोळात येतो आणि भिंतींवर अंग आपटत कधी रेघांचा, कधी खरा होत राहतो. हा प्रसंग ‘आल्टर्ड स्टेट्स’ या १९८० च्या चित्रपटावरून सुचलेला. शेवटी तो माणूस होतो, ती हसते, संपलं.

‘मग पुढे काय झालं?’ आत्यानं विचारलंच. ‘त्याला नोकरी कोण देणार? कागदपत्रं नाहीत त्याची.’

आणि इथं माझी बोलती बंद झाली. कारण पुढे काय झालं, ते बॅरनलाही सांगावंसं वाटलं होतं. त्याच बँडच्या पुढच्या ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ या व्हिडिओच्या सुरुवातीलाच तो तरुण पुन्हा रेघांचा व्हायला लागतो आणि तिला सोडून पळून जातो. आत्यानं मान हलवली. स्थळ तिला पहिल्यापासून पसंत नव्हतंच.

कोल्डप्लेचं ‘द सायंटिस्ट’ तिनं बऱ्याच नंतर माझ्या फोनवर पाहिलं. तो सगळा व्हिडिओ उलटा चालतो. ही गंमतही चित्रपटाइतकीच जुनी आहे. लुई ल्युमिएरनं १८९६ मध्ये भिंत पाडण्याचं चित्रण उलटं फिरवून पडलेली भिंत उभी करून दाखवली होती. इथं ती गंमत राहत नाही. जेमी थ्रेव्ह्सच्या या व्हिडिओत ख्रिस मार्टिन गादीवर पडलेला आहे. तो उठतो, पाठमोरा चालत शहरातून रानात जातो, आणि हळूहळू कळतं की तो अपघातातून चालत आला होता. ओठ गाण्याशी जुळावेत म्हणून त्यानं सगळं गाणं उलटं पाठ केलं होतं. आत्याला आधी वाटलं फोन बिघडलाय. मग गाडी दिसली, मग काच, मग शेवटी गाडीत हसणारी ती दोघं. अपघाताच्या क्षणभर आधी त्यातल्या मुलीनं जाकिटासाठी सीटबेल्ट सोडलेला असतो. गोष्ट सुखात संपते, कारण ती सुखात सुरू झाली होती. सरळ सांगितली असती तर रस्ता सुरक्षा सप्ताहाची जाहिरात झाली असती. उलटी सांगितली आणि जिवाला लागली. तेव्हापासून आत्या मागच्या सीटवरही बेल्ट लावते आणि शेजारच्याचा खटका दोनदा तपासते.

‘पण हे गुरुदत्तनं आधी केलंय,’ ती एकदा म्हणाली. उलटं चालण्याबद्दल नव्हे. गाणाऱ्याचं तोंड मोकळं सोडण्याबद्दल. ‘कागज के फूल’ १९५९ चा. त्यातल्या गीता दत्तच्या त्या प्रसिद्ध गाण्यात गुरुदत्तही गात नाही आणि वहिदाही नाही. ओठ मिटलेलेच. रिकाम्या स्टुडिओत वरून प्रकाशाचा एक जाड झोत येतो. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून ऊन वळवून तो मिळवला होता. दोघं लांब उभी राहतात, आणि दुहेरी छपाईच्या युक्तीनं त्यांच्यातून त्यांचीच पारदर्शक रूपं निघून एकमेकांकडे चालत जातात. याच्यात बँड उभा केला असता तर तो आजही म्युझिक व्हिडिओ म्हणून खपला असता. गुरुदत्तची उमेदवारी आमच्या पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत झाली, हे आत्या अशा वेळी सांगतेच, जणू तिनंच त्याला तिथं चिकटवला होता.

आपल्याकडे गाण्याचं चित्रण करायची सवय इतकी जुनी की म्युझिक व्हिडिओ आल्यावर ‘त्यात काय एवढं’ म्हणणारे खूप भेटले. पण चित्रपटातल्या गाण्याला पुढेमागे दोन-अडीच तासांचा आधार असतो. नायक स्वित्झर्लंडला का गेला, हे विचारायचं नसतं. व्हिडिओला सगळा संसार स्वतःच थाटायचा असतो. तो ज्यांना थाटता आला, ते पुढे चित्रपटात गेले यात नवल नाही. प्रदीप सरकार जाहिरातींतून आले, ‘पिया बसंती’सारखे व्हिडिओ केले, युफोरिया बँडच्या व्हिडिओत विद्या बालनला घेतलं आणि २००५ मध्ये तिलाच घेऊन ‘परिणीता’ केला. केन घोषनं पुढे ‘इश्क विश्क’मधून शाहिद कपूरला आणलं. आणि शुभा मुद्गल यांच्या ‘मन के मंजीरे’मध्ये घर सोडून निघालेली बाई मीता वशिष्ठ ट्रक चालवत जाते, वाटेत बायकांना ट्रकमध्ये चढवत. गुजरातमधल्या एका खऱ्या ट्रकवालीवरून ते सुचलं होतं. एकही संवाद नाही. तो ट्रक पाहून आत्यानं खर्चाचा प्रश्न विचारला नाही, कारण चालवणारी बाई स्वतः कमावती आहे हे तिला चाकामागच्या बसण्यावरून कळलं.

आता या विद्येला घरोघरी बहर आला आहे. लग्नाआधीचा व्हिडिओ! आमच्याच घरातल्या एका नातवाचा झाला. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. ‘स्वदेस’ तिथं चित्रित झाल्यापासून तिथली पायरी आणि तिथला वाडा कॅमेऱ्याशिवाय क्वचितच दिसतो. व्हिडिओत मुलगा बुलेटवरून येतो, मुलगी समोरून येते, तिच्या हातातली पुस्तकं पडतात, स्लो मोशनमध्ये पडतात, इतकी सावकाश की तेवढ्या वेळात ती वाचून झाली असती. दोघं एकदम वाकतात. डोळे भिडतात. ड्रोन वर जातो. प्रत्यक्षात ही दोघं विवाहमंडळाच्या ॲपवर भेटली, पत्रिका जुळवली, आणि पहिली भेट मुलीच्या घरी पोह्यांवर झाली. पोह्यांचा एकही शॉट नाही. ड्रोनबद्दल माझं म्हणणं असं की, चेहऱ्यावर काही दिसत नसेल तेव्हा दिग्दर्शक आकाशात जातो.

हॉलमध्ये जेवणाच्या रांगेसमोर मोठ्या पडद्यावर तो लावला होता. आत्या खुर्चीवरून मन लावून पाहत होती. नवा जमाना, व्हिडिओवाला पोरगा उत्साही. तो तिच्याशेजारी येऊन वाकला आणि म्हणाला, ‘आजी, कसा वाटला?’

‘पुस्तकं कुणाची रे ती?’ आत्या म्हणाली. ‘आमच्या घरात मी निवृत्त झाल्यापासून पुस्तक आलेलं नाही.’

‘प्रॉपर्टी होती, आजी. आमचीच.’

‘असू दे. पण तुझी गोष्ट उभी राहत नाही. असं कर. मुलीच्या बापाचा चेहरा घे. तो बघ, तिकडे उभा आहे, काही बोलत नाहीये. तो दाखव आणि लगेच त्याला जोडून या हॉलचं बिल दाखव. बघ लोक रडतात की नाही.’

पोरगा विचारात पडला. त्यानं बापाकडे पाहिलं, मग काउंटरकडे. कल्पना त्याला पटलेली दिसत होती.

‘होईल आजी,’ तो म्हणाला. ‘पण एडिटिंगचे जास्तीचे पैसे पडतील. ते कोण देणार?’